पालकांना विचारलं कुणी?



गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीच्या कुटुंब-साहाय्य उपक्रमातून सहावीतली एक मुलगी गळाली. फी भरली होती, वह्या-दप्तर दिलं होतं, दर महिन्याला पालकसभाही होती. आई एकदाही सभेला आली नाही. उपक्रमाच्या वहीत मीच शेरा लिहिला : ‘पालक उदासीन.’

पुढे घरी गेले, तेव्हा ती बाई म्हणाली, “अक्का, तुमची सभा सोमवारी अकराला. एक खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला. वेळ ठरवताना आमाला इचारलं कुणी?” मदतीचा फॉर्म इंग्रजीत होता. तिने खाली मराठीत नीट सही केली होती. पण कशावर करतोय, हे तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. आणि मुलगी घरी का? धाकटा दीड वर्षाचा. त्याला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. आम्ही मात्र वह्या देत राहिलो!

तोडगाही तिनेच सुचवला. शेजारच्या मावशी पोराला दिवसभर बघतील, त्यांना महिन्याला काही द्या. दप्तराच्या खर्चात ते बसलं.

आपल्या संस्थांत मदत घेणाऱ्याला बाकावर बसवून उपदेश करायची सवय जुनी आहे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात असंही सांगितलं. काही शाळांत ती समिती सह्यांपुरतीच उरते, हे खरं. पण आमच्या मंडळीच्या उपक्रम-समितीत तर कागदावरसुद्धा एकही पालक नव्हता.

काहीजण म्हणतील, बाप दारू पिणारा असेल तर त्याच्याशी काय भागीदारी करायची? पैसा त्याच्या हातात देऊ नये, हे मलाही पटतं. पण पोरांसमोर त्याची खरडपट्टी काढणंही बरं नव्हे. त्या घरात राहायचं पोरांनाच असतं.

आता सभा रविवारी संध्याकाळी, त्यांच्याच गल्लीत भरते. समितीत दोन आया आल्या आहेत. त्यांनी पहिल्याच बैठकीत आमचा घरभेटीचा तक्ता मागितला आणि ‘न कळवता यायचं नाही’ असं बजावलं. आमच्यातल्या एकदोघींना ते झोंबलं, मलाही थोडं.

मुलगी दिवाळीनंतर शाळेत परतली. बुडालेलं गणित अजून भरून निघायचं आहे.

— महिला मंडळाची एक सभासद, बेळगाव