विश्लेषण : वजन ठीक, बीएमआय ठीक, तरी पोटाचा घेर का मोजायचा?

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा : २२.३. पण शरीरातली चरबी यंत्राने मोजली, तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. युडकिन जमेल तेव्हा मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी पळत ती गाठणे, अशी मिश्कील नोंदही सोबत होती. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे उदाहरण ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणून ओळखले जाते.

हातपाय बारीक आणि पोट मात्र सुटलेले, हे दृश्य आपल्याकडे नवे नाही. लग्नानंतर पोट सुटले की ‘लग्न मानवले’ म्हणायचे आणि चाळिशीत सुटले की ‘खात्यापित्या घरचा’. तपासणीच्या रिपोर्टवर वजन ‘नॉर्मल’ आले की विषय तिथेच मिटतो. तो मिटवू नये, एवढे हा जुना फोटो नक्की सांगतो.

ही चरबी वेगळी कशी?

चिमटीत पकडता येते ती त्वचेखालची चरबी. ती दिसते, पण तुलनेने कमी उपद्रवी असते. खरी डोकेदुखी असते त्याच्याही आत, आतडी आणि यकृत यांच्याभोवती साठणारी. ती नुसती पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्ले थेट यकृताकडे जातात आणि तिथे चरबी साचू लागते. यालाच फॅटी लिव्हर म्हणतात. ही चरबी शरीरात मंद दाह निर्माण करणारी रसायनेही सोडते. हळूहळू पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड्स वाढतात, रक्तदाब चढतो. मधुमेह आणि हृदयविकाराची वाट इथूनच जाते.

भारतीयांच्या बाबतीत ही गोष्ट जन्माच्याही आधी सुरू होते. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. इथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तिथल्यांचे ३.५ किलो. पण इथली बाळे कमी पडली ती मुख्यतः स्नायूंत. चरबी त्या मानाने राखलेली होती. म्हणजे सुटलेल्या पोटाचा सगळा दोष वडापावच्या गाडीवर ढकलून चालणार नाही.

किती घेर धोक्याचा?

भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. इंचात सांगायचे तर साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. पँटचा नंबर हे माप नव्हे. बहुतेक पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात आणि वर्षानुवर्षे ‘चौतीस’च सांगत राहतात. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास सहज सोडायचा आणि पोट आत न ओढता आकडा वाचायचा.

‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बीएमआयनुसार लठ्ठ ठरलेले २८.६ टक्के, तर पोटाच्या घेरानुसार ३९.५ टक्के. मधल्या फरकातली माणसे वजनकाट्याच्या नजरेतून सुटतात. त्याच पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचा अंदाज आहे.

गंमत अशी, की गावात घरोघरी जाणाऱ्या आशा सेविकेच्या तपासणी अर्जात तिशीपुढच्या प्रत्येकाच्या कंबरेच्या मापाचा रकाना आहे. शहरात मात्र हजारो रुपयांचे ‘फुल बॉडी चेकअप’ होऊनही अनेकदा कुणी टेप काढत नाही. कंपन्यांच्या वार्षिक तपासणीत हा एक रकाना वाढवायला खर्च जवळपास शून्य आहे. तो आजवर का वाढला नाही, हे कळायला मार्ग नाही.

मग कमी कसे करायचे?

फक्त पोटाचीच चरबी जाळणारा व्यायाम नाही. क्रंचेसने पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यांच्यावरचा आणि आतला थर तसाच राहतो. घाम आणणाऱ्या पट्ट्याने जाते ते पाणी. लिंबू-मधाचे पाणी चवीला चांगले असते, एवढेच. अगदी शस्त्रक्रियेनेही काम भागत नाही. २००४ मध्येच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची भरपूर चरबी लायपोसक्शनने काढली गेली. १० ते १२ आठवड्यांनी पाहिले, तर इन्शुलिनचे गणित जिथल्या तिथे होते. कारण निघाली ती त्वचेखालची चरबी.

दिलासा असा, की आतली चरबी चालण्याला लवकर दाद देते. वजन फारसे न घटताही नियमित व्यायामाने ती कमी होते. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. हा दुसरा भाग लोक हमखास गाळतात. मुळात स्नायूच कमी घेऊन जन्मलेल्यांनी तो गाळणे महागात पडते. त्यासाठी जिमची वर्गणी भरायला हवी असे नाही. बैठका, जिने आणि पाण्याने भरलेल्या बाटल्याही चालतात.

ताटात तेल-तूप जपून वापरणारी घरेही पोळी, भात, पोहे आणि चहासोबतची बिस्किटे मोजत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोजच्या ऊर्जेत धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये. सोप्या भाषेत, एक पोळी कमी आणि वाटीभर मोडाची उसळ जास्त. उपवासाला साबुदाणा खिचडी खाणाऱ्यांना ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आठवून द्यायला नको. मद्य आणि अपुरी झोपही पोटाच्या बाजूनेच काम करतात.

घेर मर्यादेपुढे असेल, तर वजन कितीही ‘नॉर्मल’ असले तरी उपाशीपोटीची साखर, लिपिड प्रोफाइल आणि रक्तदाब तपासून घ्यावा. टेप रोज लावू नये. महिन्यातून एकदा, सकाळी, काही खाण्याआधी पुरे. पहिल्या दोन महिन्यांत काटा हलला नाही आणि टेप एक-दोन सेंटिमीटरने आत आला, तर विश्वास टेपवर ठेवावा.