‘अत्यवस्थ अवस्थेत आणले होते’

सरकारी रुग्णालयात एकाच वेळी अनेक बालके दगावली की राजधानीतील राजकारण ठरलेल्या क्रमाने हलू लागते. विरोधी पक्ष राजीनामा मागतो, केंद्राचे पथक रवाना होते आणि रुग्णालय सांगते की, बालके अत्यवस्थ अवस्थेतच आणली होती. गोरखपूरला ऑगस्ट २०१७ मध्ये राज्यात भाजपचे सरकार होते, कोट्याला डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसचे. खुलाशाचा सूर मात्र फारसा बदलला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय महाविद्यालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात होते. तेथेही तोच सूर लागला.

हा खुलासा बहुधा खोटा नसतो. तो बचाव म्हणून मांडला जातो, पण वस्तुतः तो कबुलीजबाब आहे. गरीब देशांतील रुग्णालयांत बालमृत्यूंचा मोठा हिस्सा दाखल झाल्यापासून चोवीस तासांतच घडतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः श्वास कोंडणे आणि जंतुदोष ही नवजातांच्या मृत्यूची मुख्य कारणे. श्वास न घेणाऱ्या अर्भकाला पहिल्या मिनिटातच अंबू बॅगने हवा द्यावी लागते. ते काम प्रसूतिगृहातील परिचारिकेचे. साठ किलोमीटरवरच्या तज्ज्ञाला ते नंतर करता येत नाही. कमी वजनाचे मूल प्रवासात गारठले की निम्मी लढाई वाटेतच हरलेली असते. पुढे एका वॉर्मरवर दोन अर्भके ठेवण्याची वेळ आली, तर एकाचा संसर्ग दुसऱ्याला होतो.

(भंडाऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये आणि झाशीत नोव्हेंबर २०२४ मध्ये नवजात कक्षाला आग लागून त्याच रात्री प्रत्येकी दहा अर्भके गेली. तेथे हा खुलासाही उपयोगी नव्हता.)

मृत्यूंच्या नुसत्या बेरजेवरून रुग्णालयाला दोषी ठरवणेही अन्यायाचे आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून गंभीर बालके जेथे येतात, तेथे मृत्यू अधिक दिसणारच. किती दाखल झाली, कोठून, किती वाजता, कोणत्या वाहनातून आणि प्राणवायूसह की त्याविना, हे विचारावे लागते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये बालमृत्यू परीक्षणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत घरी, वाटेत आणि रुग्णालयात झालेल्या विलंबाचा शोध अपेक्षित आहे. २०२३ च्या नमुना नोंदणीत हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यू केरळात ५ आणि मध्य प्रदेशात ३७ होते. हे अंतर एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात निर्माण झालेले नाही.

तरीही चौकशीअंती बदली होते ती अधिष्ठात्यांची. ज्या ग्रामीण रुग्णालयातून बालक पुढे पाठवले गेले, तेथील परिचारिकेच्या रिक्त पदाचा उल्लेख राजीनाम्याच्या मागणीत कोणी करत नाही.