सात खुराडी, एक कुपी



आपल्या पत्रिकेत लागण, खोडवा, खताच्या मात्रा आणि उसाचा दर यांवर नेहमी वाचावयास मिळते. ते पाहिजेच. आज मात्र मी उसावर नव्हे, परसातल्या कोंबड्यांवर लिहिणार आहे. कोणी हसेल. पण ज्याच्या वस्तीवर पहाटे कोंबडा आरवत नाही असा सभासद आपल्यात विरळाच.

उसाचे बिल बँकेत जमा होते, त्यातून सोसायटीचे कर्ज वळते होते आणि उरलेले मालकाच्या हाती येते. अंड्यांचा पैसा तसा नाही. तो घरातल्या बाईच्या हातात पडतो. त्यातून पोरांच्या वह्या, चहापावडर, माहेरी जायचे एस.टी.चे तिकीट निघते. खुराडे रिकामे झाले तर ते मालकाच्या हिशेबवहीत दिसत नाही, पण चुलीपाशी दिसते.

आमच्या मळ्याच्या वस्तीवर ७ घरे आहेत. घरांना कुंपण आहे, कोंबड्यांना नाही. आमच्या कोंबड्या शेजाऱ्याच्या उकिरड्यावर, त्यांच्या आमच्या गोठ्यात. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला शेजाऱ्याने आठवडी बाजारातून एक देखणा कोंबडा आणला. चार-पाच दिवसांत तो मान वाकडी करून बसला. हिरवट-पांढरी हगवण लागली आणि गेला. शेजाऱ्याने तो ओढ्यात टाकला, कुत्र्यांनी तो वस्तीभर ओढला. पुढच्या आठ-दहा दिवसांत घराघरांत मर सुरू झाली. आमच्या २२ कोंबड्यांपैकी १४ मेल्या. त्यांत एक अंड्यांवर बसलेली होती. २१ पैकी १८ दिवस भरले होते.

आमची मंडळी बांधावर उभी राहून शेजारणीला जे बोलली ते छापण्यासारखे नाही. शेजारीणही गप्प बसणारी नव्हे. "तुमच्याच कोंबड्या आमच्या दारात येत्यात, आम्ही काय बोलवायला आलो हुतो?" असे तिचे म्हणणे. विहीर आम्हा दोघांची सामाईक. मोटारीच्या पाळीचे निरोप महिनाभर पोरांकरवी चालले आणि त्या गोंधळात दोघांच्याही उसाची एकेक पाळी हुकली.

आता खरे सांगतो. दोष शेजाऱ्याचा एकट्याचा नव्हता. मर लागली हे दिसताच मी धडधाकट दिसणाऱ्या ५ कोंबड्या डालग्यात घातल्या आणि बाजारात पडत्या भावाने विकून आलो. त्या दिवशी वाटले, शहाणपणा केला. नंतर ध्यानात आले की शेजाऱ्याने आणलेला कोंबडाही कोणीतरी असाच शहाणपणा करून विकलेला असणार. माझ्या ५ कोंबड्या कोणाच्या वस्तीवर गेल्या असतील, हे मला आजही माहीत नाही. ते मनाला लागून राहिले आहे.

हा रोग म्हणजे राणीखेत, आपण ज्याला मानमोडी म्हणतो तो. एकदा लागला की त्यावर औषध नाही. आधी द्यायची लस मात्र आहे आणि ती नवी नाही, कित्येक वर्षांची आहे. पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, मोठेपणी पुन्हा टोचणी. पुढच्या मात्रा कधी, ते पशुवैद्य सांगतात. मग आपण ती देत का नाही? आळस हे एक कारण झाले. पण खरी अडचण दुसरीच आहे. लशीची कुपी येते १०० मात्रांची किंवा त्याहून मोठी. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. उरलेली उद्याला चालत नाही. दहा-पंधरा कोंबड्यांसाठी १०० ची कुपी कोण फोडणार? म्हणून कोणीच फोडत नाही. आणि एखाद्याने फोडलीच, तरी बाकीच्या ६ घरांत रोग फिरत राहतो. लस न मिळालेले नवे पिल्लू निघाले की त्याची गाठ रोगाशी पडतेच.

सभासदांनो, हे गणित आपल्याला नवे नाही. एकेकट्याच्या दोन-दोन एकर उसासाठी कोणी कारखाना काढत नसतो. म्हणूनच १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी कारखाना उभा केला आणि त्याच वाटेने आपणही आलो. उसात कळले ते कोंबड्यांत का कळू नये?

यंदा आमच्या सातही घरांनी वर्गणी काढून एक कुपी आणली. भल्या पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच, शेजाऱ्याने कोंबडी धरायची आणि मी थेंब सोडायचा, असे घरोघर फिरलो. बोलणे सुरू झाले ते तिथेच. थोड्या मात्रा उरल्या, त्या तोडणीच्या टोळीच्या खोपींवर नेऊन त्यांच्या कोंबड्यांना दिल्या. टोळीवाला चार महिन्यांचा का होईना, शेजारीच आहे. यंदा मर झाली नाही. ती लशीने की नशिबाने, हे एका वर्षावरून छातीठोक सांगणार नाही. पण वाट बरोबर आहे.

म्हणून सभासदांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. लस एकट्याने नको, सगळ्या वस्तीने एकाच दिवशी द्यावी. बाजारातून आणलेला पक्षी पंधरा दिवस वेगळा डालावा. मेलेली कोंबडी चुना टाकून खोल पुरावी. आणि मर लागल्यावर एकही कोंबडी बाजारात नेऊ नये. एकदम पुष्कळ पक्षी मेले तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या. त्या रोगावर ही लस चालत नाही. तेथे लपवाछपवी महागात पडते.

संचालक मंडळाला एक विनंती. गट ऑफिसात फ्रीजची सोय करून, दवाखान्याशी बोलून, दर तीन महिन्यांनी लशीचा एक दिवस ठरवून द्यावा. चिटबॉय उसाच्या नोंदीला वस्तीवर येतोच, त्याने तारीख सांगावी. कुपीचे पैसे आम्ही भरू. कारखान्याला यात खर्च थोडा आहे. आमच्या घरच्या बायकांना मात्र तो मोठा वाटेल, कारण सभासदत्वाचा दाखला मालकाच्या नावावर असला तरी खुराड्याची मालकीण तीच आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद