वह्या निराळ्या, बाई एकच

आपल्या घरात वह्या किती असतात, कधी मोजल्यात का? दुधाची, वाण्याची, इस्त्रीवाल्याची, भिशीची. प्रत्येक वही आपल्या जागी बरोबर असते. पण महिनाअखेरीला त्या सगळ्या शेजारी शेजारी मांडून बसलं, की मग कळतं पैसा नेमका कुठून गळतोय ते.

माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, पण महिन्यातून दोन-तीन दिवस गैरहजर. वडिलांची चिठ्ठी यायची, ‘ताप होता.’ मी हजेरीपटावर शेरा मारायची, ‘आजारी’. तिची आई मला एकदा बाजारात भेटली, हाताला प्लॅस्टर. म्हणाली, “मोरीत पाय घसरला बाई.” दवाखान्याच्या केसपेपरवर तेच लिहिलं होतं. पोलीस चौकीतही तिची एक अदखलपात्र नोंद होती, नवऱ्याला समज देऊन सोडलेला. हे सगळं मला फार उशिरा कळलं. शाळा, दवाखाना, चौकी. तीन वह्या, आणि तिन्ही एकाच बाईच्या. पण त्या एकत्र वाचणारं कोणी नव्हतं.

स्टोव्हचा भडका हा शब्द आपल्या आयांच्या पिढीला काही नवा नव्हता. ‘स्वयंपाक करताना पदर पेटला’ एवढं वर्तमानपत्रात यायचं अन् विषय संपायचा. २००१ साली भारतात भाजून किती माणसं गेली, याचा काही संशोधकांनी नंतर हिशेब केला. पोलिसांच्या आकड्यावर न थांबता त्यांनी शहरांतल्या मृत्युनोंदी आणि खेड्यांतल्या पाहणीची माहिती एकत्र मांडली. तो अभ्यास २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला. आकडा निघाला १ लाख ६३ हजारांच्या वर, म्हणजे पोलिसांकडच्या आकड्याच्या सहापट! त्यात सुमारे १ लाख ६ हजार बायका, अन् त्याही बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. तरुण पुरुष एक, तर तरुण बायका तीन. आता या सगळ्यांना कोणी जाळलं असं नाही. खरे अपघात असतील, कोणी जिवाला कंटाळून पेटवूनही घेतलं असेल. पण स्टोव्ह बाईचं वय बघून भडकतो का, हा प्रश्न आकडे शेजारी ठेवल्यावरच पडतो.

ऑस्ट्रेलियात सरकारने हे काम पद्धतशीर हाती घेतलंय. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने रुग्णालयांच्या २०१० ते २०१९ या काळातल्या नोंदी मृत्यूच्या नोंदींशी जोडून पाहिल्या. घरातल्या मारहाणीमुळे ज्यांना रुग्णालयात राहावं लागलं, त्यांचा पुढे कोणाच्या हल्ल्यात जीव जाण्याचा संभव तुलनेच्या गटापेक्षा सुमारे दहापट निघाला. आत्महत्येचा दुप्पट. म्हणजे पहिल्यांदा पट्टी बांधायला आलेली बाई हीच धोक्याची सूचना असते.

तुम्ही म्हणाल, अहो, पण आपलं नाव सगळीकडे फिरलं तर? चौकीतला शिपाई ह्यांच्या ओळखीचा निघाला तर? भीती अगदी रास्त आहे. म्हणून तिकडे कामच वाटून देतात. जो नावं-जन्मतारखा जुळवतो त्याला दुखणं दिसत नाही, अन् जो दुखणं वाचतो त्याला नाव दिसत नाही. आपल्याकडे असं काही करायचं झालं, तर ही अट आधी हवी, मशीन मागाहून.

पण मैत्रिणींनो, वही जुळवायची तर वहीत काहीतरी लिहिलेलं हवं ना! २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांपैकी शंभरात ७७ जणींनी मदत तर मागितली नव्हतीच, पण कोणाजवळ अवाक्षरही काढलं नव्हतं. त्यांची वही कोरीच.

आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात वह्या जोडण्याची थोडी सोय आहे, ती माहीत असू द्या. संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल लिहिला, की तो न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो आणि प्रत पोलीस ठाण्याला. अहवाल नाही म्हणून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. उलट तो लिहिलेला नसेल, तर दवाखान्यानेच भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला फुकट मिळायला हवी. ती मागून घ्या, अन् घरात नको, माहेरी किंवा विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवा. डॉक्टरांना खरं कारण सांगा. ‘मोरीत घसरले’ लिहून गेलं, की पुढे कोर्टात तेच वाचलं जातं. सांगायची हिंमत होत नसेल तर १८१ हा महिलांसाठीचा फोन आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० सालापासून ‘दिलासा’ केंद्र आहे. दुखापत घेऊन आलेल्या बाईला तिथे नुसतं मलम देऊन पाठवत नाहीत, बसवून विचारतात.

त्या मुलीची आई मागच्या महिन्यात शाळेत आली होती. आता ती भावाकडे राहते, अर्ज केलाय. वकिलांनी तिला मुलीच्या हजेरीचा उतारा आणायला सांगितला होता. ज्या-ज्या रात्री घरात मारहाण झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत नव्हती, हे दाखवायचं होतं. मी हजेरीपट काढला. तारखा तंतोतंत जुळत होत्या. आणि प्रत्येक तारखेपुढे माझ्याच अक्षरात, ‘आजारी’.

खाडाखोड करता येत नाही. आहे तसाच उतारा लिहून दिला, मुख्याध्यापिकांचा शिक्का घेतला. खाली बाईंना विचारून एक ओळ वाढवली, की हा शेरा वडिलांच्या चिठ्ठीवरून मारला आहे, मुलीला विचारलेलं नव्हतं.