आरेत भटकून नोंदी ठेवणाऱ्यांचा उपयोग काय?

मुंबईतल्या आरेत रात्री टॉर्च घेऊन विंचू, कोळी, बेडूक शोधणारे हौशी निसर्गप्रेमी दिसतात. हा नुसता छंद आहे का? नाही. आरे जंगल आहे की नाही, वाद मुळात हाच होता.

कागदावर आरे ही १९४९ पासूनची दूध वसाहत. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने आरेबाबतच्या याचिका फेटाळल्या आणि मेट्रो कारशेडसाठी त्याच रात्री करवती चालल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. पुढे २०२० मध्ये आरेतल्या ८०० हून अधिक एकरांना राखीव वन करण्याचा निर्णय झाला.

अशा वादात 'इथे काय आहे' हे दाखवायला नोंदीच लागतात. इथल्या एका विंचवाच्या शास्त्रीय नावातच 'आरे' आहे, आता बोला!

पण अर्धं जंगल या नोंदींबाहेरच राहतं. वारली पाड्यांवर वाघोबा पुजला जातो. कुठली वाट बिबट्याची, हे तिथल्या आजीला विचारावं लागतं. पाड्यावरचा माणूस सोबत नसेल तर ती फक्त सहल.

आणि बिबट्या दिसलाच, तर फोटोसोबत लोकेशन टाकू नका. तासाभरात तिथे गर्दी होते.