कारागिराची मजुरी दिसू द्या

मी मुळशीतला भातशेतकरी. पावसाळा सोडला तर माझ्या पायात हाताने शिवलेली कोल्हापुरी वहाण असते. तिच्या किमतीवरून घासाघीस करणाऱ्यांनी ती बनते कशी, हे एकदा बघावं.

सह्याद्रीत, आमच्याही डोंगरात, हिरडा होतो. बाळहिरडा औषधाला जातो, पिकलेलं फळ कातडं कमावायला. चुन्यात घालून केस काढलेल्या म्हशीच्या कातड्याची पिशवी शिवायची, हिरडा आणि बाभळीच्या सालीचं पाणी तिच्यात भरायचं आणि ती टांगून ठेवायची. पाणी झिरपत राहतं, कातडं मुरत जातं. यात कित्येक दिवस जातात. ढोर समाजाने हे कष्टाचं काम पिढ्यान्‌पिढ्या केलं आणि बदल्यात गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवलं. पुढे चर्मकार रापीने तळ कापतो, आरीने भोकं पाडतो आणि चामड्याच्याच वादीने शिवतो. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. चपलेवरची चामड्याची वेणी बहुतेक वेळा घरातल्या बायका घालतात.

अशा हातकामाची कदर दुसरीकडे होते. अमेरिकेत टेक्सासमधल्या नोकोना गावात १९३४ पासून बेसबॉलचे हातमोजे बनतात. तिथेही कातडं वादीनेच ओवतात. हाताचं काम म्हणून गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं.

आपल्याकडे २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आहेत. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या परदेशी फॅशन कंपनीने तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. आपला संताप रास्तच होता. पण परक्या कंपनीवर रागावणारे आपण बाजारात त्याच चपलेचे शंभर रुपये पाडून मागतो, तेव्हा ते शेवटी कारागिराच्याच मजुरीतून जातात. मानांकनाने नावाची नक्कल रोखता येते, चूल पेटत नाही. मिळकत नसेल तर पोरं रापी कशाला हातात घेतील?

राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाने चपलांवर क्यूआर कोड आणला आहे. त्यातून कारागिराची माहिती कळते. हे पाऊल चांगलं आहे. आता त्यात एक ओळ वाढवा: या जोडामागे कारागिराला किती मजुरी मिळाली. आणि वाचकहो, पुढची कोल्हापुरी घेताना शिवणाऱ्याचं नाव विचारा आणि सांगितलेली किंमत पुरती द्या.