हुतात्मे नकोत, पगारी बातमीदार हवेत

गाझियाबादच्या विजयनगर भागात २० जुलै २०२० च्या रात्री विक्रम जोशी हे स्थानिक पत्रकार आपल्या दोन मुलींना घेऊन मोटारसायकलवरून निघाले होते. टोळक्याने त्यांना अडवलं, मारहाण केली आणि मुलींच्या डोळ्यांदेखत गोळी घातली. दोन दिवसांनी ते गेले. भाचीची छेड काढणाऱ्यांविरुद्ध त्यांनी काही दिवस आधीच पोलिसांकडे तक्रार दिली होती. चौकीप्रमुख निलंबित झाला तो हल्ल्यानंतर.

ही हत्या बातमीमुळे झाली नव्हती. तिला शोधपत्रकारितेच्या खात्यावर मांडणं चूक ठरेल, आणि शोधपत्रकारितेची बाजू घेणाऱ्याने तर ते मुळीच करू नये. पण राजधानीला लागून असलेल्या शहरात ज्याला स्वतःच्या भाचीसाठी पोलीस हलवता येत नाहीत, त्याने बिल्डर, कंत्राटदार आणि आमदारांच्या मागे लागावं, अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, प्रत्येक नागरिक बातमीदार आहे, मग वेगळ्या शोधपत्रकाराची गरजच काय? या म्हणण्याचं उत्तर गाझियाबाद जिल्ह्यातल्याच लोणीने दिलं आहे. जून २०२१ मध्ये तिथे एका वृद्ध मुस्लिम गृहस्थांना मारहाण करून त्यांची दाढी कापल्याची चित्रफीत देशभर फिरली. मारणारे दिसत होते. कारण दिसत नव्हतं. आपल्याला धार्मिक घोषणा द्यायला लावल्या, असं त्या गृहस्थांचं म्हणणं होतं. पोलीस म्हणाले, वाद ताइतांचा होता, आरोपींत दोन्ही धर्मांचे लोक आहेत. ते ताईत विकतच नव्हते, असं कुटुंबाने सांगितलं. तीन बाजू, तीन कथा. चित्रफीत लाख वेळा पाहून यातली खरी कोणती ते कळणार नव्हतं. त्यासाठी कोणीतरी लोणीत आणि बुलंदशहरात जायला हवं होतं, ७ जूनची पहिली फिर्याद वाचायला हवी होती, वैद्यकीय कागद आणि फोनच्या नोंदी मिळवायला हव्या होत्या. मोबाइलवाल्या नागरिकाचं हे काम नाही. त्याला त्याचा पोटापाण्याचा धंदा आहे.

सत्तेने इथे आपला उपाय काढला. १५ जूनच्या रात्री ट्विटर, ‘द वायर’ आणि काही पत्रकारांवर गाझियाबाद पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्यामागचा युक्तिवाद असा, की खोटी बातमी दंगल पेटवते, तिला फौजदारी कायद्यानेच आवर घातला पाहिजे. या युक्तिवादातला खरा भाग मला मान्य आहे. न तपासलेली बातमी घातक असते आणि ती देणाऱ्याने जबाब दिला पाहिजे. मराठी पत्रकारितेने तर ही किंमत आपल्या पहिल्या मोठ्या प्रकरणातच मोजली. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबाबत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले, आधार घेतलेली पत्रं बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. आपण त्या १०१ दिवसांचं तेज गातो. कागद तपासायला चार लोक नव्हते, हा त्या प्रकरणाचा धडा मात्र बाजूलाच राहतो.

पण मान्य इतकंच. जिथे सत्य अजून ठरायचं आहे, तिथे गुन्हा नोंदवणारे पोलीस स्वतः त्या वादातला एक पक्ष असतात. त्यांची कथा प्रमाण धरून बाकीच्यांना आरोपी करणं, ही पडताळणी कशी म्हणायची? शिवाय या उपायाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. गुन्ह्यात नाव असलेल्या पत्रकार राणा अय्युब यांना २१ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने चार आठवड्यांचं संरक्षण दिलं. त्यांना मुंबईत वकील गाठता आला. लोणीतल्या वार्ताहराला तो गाठता येणार नाही, हे तिथल्या प्रत्येक वार्ताहराला ठाऊक आहे. पुढची बातमी तो लिहीतच नाही, आणि न लिहिलेली बातमी कोणाच्या मोजदादीत येत नाही.

माझं खरं भांडण मात्र आपल्याच बाजूच्या लोकांशी आहे. पत्रकारितेवर प्रेम करणारे आपण सगळे शौर्याचे भक्त आहोत. राजापूरला शशिकांत वारिशे बारसूच्या रिफायनरीच्या बातम्या देत होते. प्रकल्पाचा समर्थक असलेल्या जमीन व्यावसायिकाबद्दल त्यांनी लिहिलं, ते छापून आलं त्याच दिवशी, ६ फेब्रुवारी २०२३ ला, त्याच माणसाच्या गाडीखाली ते चिरडले गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. आपण मोर्चे काढले, तसबिरीला हार घातले. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा २०१७ मध्ये विधिमंडळाने संमत केला होता. तीन वर्षांपर्यंतची कैद त्यात आहे. कायदा हवाच. पण तो हल्ल्यानंतर जागा होतो. तालुक्याच्या वार्ताहराला नेमणूकपत्र का नाही, बातमीमागे शे-दोनशे रुपये आणि वर्धापनदिनाच्या अंकासाठी जाहिराती गोळा करण्याची सक्ती का, हे तो विचारत नाही. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याकडेच जाहिरात मागायला जाणाऱ्या माणसाला आपण निर्भय व्हायला सांगतो. हा अन्याय आहे. तो करणाऱ्यांत शौर्याची भाषणं देणारे संपादकही आहेत.

धैर्याला पगाराची जोड मिळाली की काय घडतं, तेही आपण पाहिलं आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा एकच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी छापून आला. ही पानं शेजारीशेजारी ठेवून ‘पेड न्यूज’चा व्यवहार पी. साईनाथ यांनी उघड केला. तेव्हा ते ‘द हिंदू’त नोकरीला होते. अंक चाळण्याची सवड त्या नोकरीने दिली.

मालकच पाठ फिरवेल त्याचं काय, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. तेंडुलकरांच्या ‘कमला’त बाजारातून बाई विकत आणून सनसनाटी उडवणारा जयसिंग जाधव शेवटी मालकाकडूनच काढला जातो. ते नाटक दोन्ही गोष्टी दाखवतं: माणसाला पुरावा म्हणून वापरणारी शोधपत्रकारिता किती निर्दय होते, आणि वरून फोन आला की तिचा आधार कसा सुटतो. म्हणून एका मालकावर भिस्त ठेवता येणार नाही. उत्तर प्रदेशातच चित्रकूटला २००२ पासून ग्रामीण बायकांनी ‘खबर लहरिया’ चालवून दाखवलं आहे. दूध आणि ऊस सहकाराने विकणाऱ्या महाराष्ट्राला वाचकांच्या वर्गणीवर जिल्ह्याचं एक शोधपथक चालवणं अशक्य वाटू नये. दोन बातमीदार, कागद तपासणारा एक, जिल्हा न्यायालयातला एक वकील. बातमी अनेक वृत्तपत्रांनी एकाच दिवशी छापायची, म्हणजे एकट्याचा गळा धरता येत नाही. २०१६ च्या पनामा कागदपत्रांत जगभरच्या वृत्तपत्रांनी हेच केलं. आणि चूक झाली तर दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी.

गाझियाबादेत असं पथक असतं तर त्याला काम शोधावं लागलं नसतं. तिथल्या जिल्हा न्यायालयातल्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या नावावर बनावट कागदांनी भविष्यनिर्वाह निधीतून कोट्यवधी रुपये काढले गेले, २००१ पासून २००८ पर्यंत. संशय न्यायाधीशांपर्यंत पोहोचला आणि सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. मुख्य आरोपी २००९ मध्ये डासना तुरुंगात मरण पावला. सात वर्षं पैसे काढण्याचे अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जात होते, शहरात वृत्तपत्रं रोज निघत होती, आणि ते अर्ज मागून पाहण्याचा पगार कोणालाच मिळत नव्हता.